तुमच्या घरातला असा कोणता शब्द आहे, जो उंबऱ्याबाहेर कुणालाच कळत नाही? (आणि ‘सुमकुडी’ कुठून आली?)

बाळीवेस
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, आणि कारण जरा घरचं आहे.

गेल्या महिन्यात आज्जीचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं उरकली, भांडी मोरीत पडली, आणि आतेभावाची तान्ही मुलगी रडून रडून एकदाची पाळण्यात झोपली. तशी आत्या स्वयंपाकघराच्या दारातून हळूच म्हणाली, "सुमकुडी." आम्ही पाच भावंडं, सगळी चाळिशी ओलांडलेली, होतो तिथं खाली बसलो. आतेभावाची बायको तेवढी हातात ताटं घेऊन मधोमध उभी. "काय झालं? काही सांडलं का?" म्हणाली. लग्नाला बारा वर्षं झाली, पण हा शब्द तिला कुणी सांगितलाच नव्हता.

त्या रात्री झोप लागेना. हा शब्द कळणारी माणसं आता सहाच उरली. आत्या धरून सहा.

सुमकुडी म्हणजे काय ते सांगते. सोलापुरात बाळीवेशीजवळ आमचं माळवदाचं घर होतं, चार बिऱ्हाडांचा वाडा. आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये. तिसरी पाळी असली की सकाळी घरी यायचे, अंघोळ करून भाकरी खायचे आणि झोपायचे ते चार वाजेपर्यंत. मे महिन्यात आम्ही सगळी नातवंडं तिथंच. बाहेर ४२ अंश ऊन, फरशीवर पाय ठरत नाही, त्यामुळं पोरांना अंगणात पिटाळायचीही सोय नव्हती. मग आज्जी म्हणायची, "चला, सुमकुडी," आणि आम्हाला भिंतीकडेला ओळीनं बसवून समोर भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप ठेवायची.

शेंग फोडली की कट्ट आवाज होतो. तो होऊ नये म्हणून आज्जी प्रत्येकाच्या मांडीवर जुनी चादर चौपदरी घडी करून द्यायची. हात घडीत घालायचा, आतल्या आत अंगठ्यानं शेंगेचं टोक दाबायचं, दाणे बोटांनी चाचपून बाहेर काढायचे, टरफल आतच ठेवायचं. ज्याच्या चादरीतून आवाज येईल तो हरला. दाणे दुसऱ्या दिवशी भाजून चटणीला उखळात जायचे. आजोबांनी कूस बदलली की बाजेची काथ्या करकरायची, आणि आम्हा सगळ्यांचे हात चादरीत तसेच थांबायचे. ते थांबलेले हात मला आजही दिसतात.

पुढं शब्द मोठा झाला. दिवे गेले की सुमकुडी. बाबांचा पगार लांबला की आई म्हणायची, "घरात सुमकुडी हाय, हट्ट नको." मिल बंद पडली तेव्हा तर सगळ्या गल्लीत सुमकुडी लागली होती, असं बाबा सांगायचे.

मला वाटायचं हा आज्जीनंच केलेला शब्द. शब्दकोशात नाही, पुण्यात कुणी ऐकलेला नाही. सोलापूरकरांपैकी कुणाच्या कानावर आलाय का? आणि तुमच्या घरातलेही शब्द लिहा. कुणी, कधी, कशावरून म्हटलं तेही लिहा, नुसता शब्द नको. शब्द एकटा राहिला की त्याचा अर्थही हळूहळू जातो, हे मी या महिन्यात शिकले.

सातरस्ता
सुमकुडी नाही ऐकली, पण आमच्याकडची ‘मावशी’ सांगतो.

आपल्याकडं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, तेही कधी रात्री दोनला, कधी पहाटे चारला. आमचे आजोबा नळापाशी झोपायचे. तोटीतून आधी हवेचा सूं सूं आवाज यायचा, मग एक उचकी, मग पाणी. उचकी ऐकली की आजोबा हाक मारायचे, "उठा, मावशी आली!" मावशी का, तर आईची थोरली बहीण बार्शीहून अशीच अवेळी यायची, न कळवता यायची, पण आली की घर भरून जायचं. मावशी आली की हंडे, कळश्या, पिंप, बादल्या, शेवटी पातेली आणि तांबेसुद्धा भरायचे.

माझी धाकटी बहीण दुसरीत असताना वर्गात पेंगली. बाईंनी विचारलं तर म्हणाली, "रात्री दोन वाजता मावशी आली, आम्ही सगळ्यांनी मिळून तिला पिंपात भरली." बाईंनी आईला बोलावून घेतलं. आईनं सगळं सांगितल्यावर बाई खुर्चीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांच्याही घरी त्याच रात्री पाणी आलेलं होतं.

खरी मावशी आता नाही. आम्ही पाण्याला अजून मावशीच म्हणतो.

हुग्गी
बाळीवेसताई, चादरीच्या घडीत शेंगा फोडायच्या, हे वाचून अंगावर काटा आला.

आमचं छोटंसं. पाहुणे आले आणि भाजी कमी पडतेय असं दिसलं की आई पंगतीत मोठ्यानं म्हणायची, "आजची शेंगाचटणी फार छान उतरलीय." घरच्यांनी ओळखायचं की भाजीला हात लावायचा नाही, दही-चटणी-कडक भाकरीवर भागवायचं. एकदा ते ऐकून पाहुण्यांनीच सगळी चटणी संपवली. त्या दिवशी आम्ही नुसतं दही-भाकरी खाल्लं.

कांडीवाली
मी सोलापूरच्या पूर्व भागातली, पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातली. घरात तेलुगू, दारात मराठी, शाळेत दोन्ही. त्यामुळं आमच्या घरातले शब्द दोन भाषांच्या टकरीतून झालेत.

सगळ्यात लाडका शब्द ‘चालूची पोळी’. माझी अम्मम्मा, म्हणजे आईची आई, मराठी फार बोलायची नाही. संक्रांतीला समोरच्या मराठी काकूंनी तिला शेंगापोळी खायला बोलावलं. एक पोळी झाली, दुसरी झाली. अम्मम्मा म्हणाली, "चालु, चालु." तेलुगूत ‘चालु’ म्हणजे पुरे. काकूंनी ऐकलं ‘चालू’, म्हणजे चालू द्या! त्यांनी तिसरी वाढली, वर तुपाची धार. अम्मम्मा ताटावर हात धरून कळवळून म्हणते, "चालु!" काकू म्हणतात, "हो हो, चालूच आहे, लाजू नका." चौथ्या पोळीला माझी आई धावत आली म्हणून सुटका झाली. त्यानंतर कितीतरी वर्षं काकू संक्रांतीला आधी विचारायच्या, "तुमचं चालु की आमचं चालू?"

आता आमच्याकडं मनाविरुद्ध, केवळ समोरच्याच्या प्रेमाखातर गिळलेली कुठलीही गोष्ट म्हणजे चालूची पोळी. लग्नातला तिसरा जिलेबीचा वेढा, नणंदेनं आणलेली न आवडलेली साडी, सगळं त्यातच.

मागावरचेही शब्द घरात आले. वडिलांचे यंत्रमाग होते, टॉवेलचे. धोटा मागाच्या या टोकापासून त्या टोकाला सारखा पळतो, म्हणून घरात-बाहेर घरात-बाहेर करणाऱ्या माझ्या भावाचं नावच ‘धोटा’ पडलं. धोट्यातल्या कांडीवरचं सूत संपलं की माग थांबवून नवी कांडी घालावी लागते. त्यावरून बोलता बोलता कुणी गप्प झालं, दमलं, की आई म्हणायची, "कांडी संपली गं तिची, चहा ठेव." चहा झाला की कांडी भरली. माग विकून झाले, खोली भाड्यानं दिली, पण माझी मुलगी अभ्यास करून दमली की अजून येऊन सांगते, "आई, कांडी संपली." तिनं कांडी डोळ्यांनी बघितलेली नाही. म्हणून मी एक लाकडी कांडी जपून ठेवलीय, तिच्या टेबलावर.

निळीचादर
‘च’ची भाषा कुणी बोलायचं का? माझी आई आणि मावशी अजून बोलतात. शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी न्यायचं आणि पुढं ‘च’ लावायचा. पाणी म्हणजे चणीपा, साखर म्हणजे चखरसा. आम्ही पोरं ती फोडायला शिकलो तेव्हा त्यांनी ‘च’च्या जागी ‘र’ आणला. रणीपा, रखरसा. आम्हाला तो उलगडायला एक अख्खी दिवाळीची सुट्टी लागली.

मालदांडी
ताई, विषय फार जवळचा काढलात. ‘च’ची भाषा अख्ख्या महाराष्ट्राला येते, त्यामुळं ती घरची म्हणता येणार नाही, पण निळीचादर यांच्या आई-मावशीचा ‘र’ मात्र त्यांचाच.

आमच्या घरातला शब्द तोंडानं बोलायचा नाहीच. आम्ही मंगळवेढ्याकडचे, काळ्या रानात ज्वारी. आजोबा दर संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत जनावरांच्या बाजाराला सोलापूरला यायचे. तिथं बैलाचा भाव मोठ्यानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हात हातात देतात, वरून रुमाल टाकतात, आणि आत बोटं दाबून आकडा ठरतो. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव कळतो तो दोघांनाच.

आजोबांनी ते घरात आणलं. लग्नात, बारशात आजीचा हात पदराखाली धरून दोन बोटं दाबली, की ‘निघूया’. एक बोट, ‘अजून थोडं बसू’. मूठ, ‘हा विषय इथं नको’. आमच्या आईला सासरी आल्यावर पहिल्याच महिन्यात आजीनं हे शिकवलं. आई म्हणते, मूठ शिकले त्या दिवशी मी या घरची झाले.

आजोबा शेवटच्या आठवड्यात बोलत नव्हते. आजी त्यांचा हात धरून बसायची. एकदा तिनं मान वर केली आणि आम्हाला म्हणाली, "एक बोट दाबलं त्यांनी."

हुग्गी
मालदांडी दादा... काही लिहिता येत नाहीये.

रातराणी
सगळे प्रतिसाद मनापासून वाचले. एक वेगळं मत मांडते, राग मानू नका.

माझ्या आईवडिलांचा एक शब्द होता. दोघांचाच. वडील कामावरून आले की दारात चपला काढताना तो म्हणायचे, आणि आई आतून काहीतरी उत्तर द्यायची. आम्हा बहिणींना तो पाठ आहे, पण अर्थ आम्ही कधी विचारला नाही आणि त्यांनी कधी सांगितला नाही. आई गेल्यावर वडील दारात चपला काढायचे आणि गप्प आत यायचे.

तो शब्द मी इथं लिहिणार नाही, वहीतही नाही. तो त्या दोघांचा होता आणि त्यांच्याबरोबर गेला हे मला बरोबर वाटतं. सगळंच जपायचं नसतं, काही गोष्टींच्या दाराबाहेर उभं राहावं.

बाळीवेस
रातराणी, राग कसला! तुमचं म्हणणं पटतं, त्या शब्दापुरतं तर पूर्ण पटतं. पण दोन माणसांचा शब्द आणि घराचा शब्द यांत मला फरक वाटतो. सुमकुडी आज्जीनं पाचही नातवंडांना ओळीनं बसवून दिली होती, ती वाटण्यासाठीच होती. आतेभावाची बायको बारा वर्षं त्या ओळीबाहेर राहिली, याचं मला वाईट वाटतंय. मालदांडींच्या आजीनं सुनेला पहिल्या महिन्यात जे दिलं, ते आम्ही दिलं नाही.

पाटीपेन्सिल
पहिल्यांदाच लिहितेय. माझी आई बिड्या वळायची. आमच्या भागात घरोघरी बायकांच्या मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, तंबाखू आणि दोरा. दिवसाला हजार बिड्यांचं ध्येय असायचं तिचं. बोलताना, भांडताना, आमचे पाढे घेताना बोटं थांबायची नाहीत. बिड्या कारखान्यात द्यायला गेलं की तिथं बारीक, सैल, तोंड नीट न मुडपलेल्या बिड्या बाजूला काढतात. ती छाट. छाटीचे पैसे नाहीत. कधी कधी चांगल्या बिड्याही छाटीत जायच्या, आणि आई गप्प घरी यायची.

तिथून तो शब्द घरात आला. माझ्या वहीवर बाईंनी उगाच लाल रेघ मारली, तर "छाट काढली गं बाईंनी." टोपलीतली टोमॅटो निवडताना बाजारवाल्याला, "मी छाट काढत न्हाई, दे कसली बी."

मला बघायला आलेली पहिली मंडळी ‘कळवतो’ म्हणून गेली आणि कळवलंच नाही. मी रात्री भिंतीकडं तोंड करून पडले होते. आई सूप बाजूला ठेवून शेजारी येऊन बसली. तिनं सूप खाली ठेवलेलं मी क्वचितच बघितलंय. म्हणाली, "छाट काढणाऱ्याच्या हातात बिडी वळायचं कसब नसतंय, पोरी." एवढंच बोलली.

मी आता शिक्षिका आहे. वह्या तपासताना लाल पेन उचलते तेव्हा प्रत्येक वेळी हा शब्द आठवतो.

कांडीवाली
पाटीपेन्सिल, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांत पुरुष मागावर आणि बायका बिडीवर. छाट आमच्याकडंही म्हणतात, पण ‘छाट काढत न्हाई’ असं टोमॅटोवाल्याला म्हणणारी बाई मी ऐकली नव्हती.

विजापूरवेस
उशिरा आलो, सगळं वाचून काढलं. बाळीवेसताई, तुमच्या शब्दाचं उत्तर माझ्याकडं आहे असं वाटतंय.

आमच्या घरात कन्नड. माझी अव्वा आम्हाला दिवसातून दहा वेळा म्हणायची, "सुम्म कूड!" ‘सुम्म’ म्हणजे गप्प, उगा. ‘कूड’ म्हणजे बस. गप बस! वाड्यात तुमच्या शेजारी कुणी कन्नड बिऱ्हाड होतं का? बाळीवेस, मंगळवार पेठ, सगळीकडं लिंगायत घरं आहेत. १९५६ साली विजापूर तिकडं गेलं आणि सोलापूर इकडं राहिलं, पण वाड्याच्या भिंती काही हलल्या नाहीत.

मालदांडी
वा! म्हणजे आज्जींनी केलेला नाही तर.

पारावरचा
मी भाषा शिकवतो, म्हणून दोन गोष्टी जोडतो.

विजापूरवेस यांचं बरोबर दिसतंय. पण मालदांडी, शब्द घरी केलेला नाही असं मात्र म्हणू नका. कन्नडमध्ये ‘सुम्म कूड’ हा हुकूम आहे, क्रियापद आहे. बाळीवेसच्या घरात त्याचं नाम झालं, तेही स्त्रीलिंगी, ईकारान्त. ‘सुमकुडी लागली’, ‘सुमकुडी हाय’. ही ई कुठून आली ते बघा. लपाछपी, शिवाशिवी, पकडापकडी. मराठीत पोरांच्या खेळांना अशी ई लागते. म्हणजे शेजारणीचा दटावणीचा हुकूम या घरातल्या पोरांनी खेळाच्या साच्यात ओतला. आणि आज्जींनी तो खेळ म्हणूनच खेळवला, हरणं-जिंकणं ठेवून. कच्चा माल कन्नड, घडण या घरची.

दुसरं, कांडीवालींच्या ‘चालु’वरून. सोलापुरात एका गल्लीत दूध मागायचे तीन शब्द ऐकू येतात. तेलुगूत पालु, कन्नडमध्ये हालु, मराठीत दूध. जुन्या कन्नडमधला शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’ पुढं ‘ह’ झाला, म्हणून फुलाला तेलुगूत पुव्वु तर कन्नडमध्ये हूवु, वाघाला तेलुगूत पुलि तर कन्नडमध्ये हुलि. आता मराठी कानाला पालु म्हटलं की पाल आठवते आणि हालु म्हटलं की हाल. ज्या गावात रोज सकाळी दूधवाल्यापाशी हे घडतं, तिथं घराघरात नवे शब्द होणारच. असल्या घरबोलीला भाषाशास्त्रात फॅमिलेक्ट म्हणतात. त्याची नोंद कुणी बाहेरचा माणूस करू शकत नाही, ती घरातल्यांनाच करावी लागते.

सातरस्ता
पालु ऐकून आठवलं! आमच्या वाड्यातली नवी सून ‘पालु, पालु’ ऐकून खुर्चीवर चढली होती. शेजारीण दुधाची वाटी घेऊन दारात उभी, आणि ही झाडू मागतेय.

विजापूरवेस
अजून एक सांगायचं राहिलं. तुमच्या घरात गप बसवायला कन्नड शब्द, आणि आमच्या घरात? अव्वा चिडली की ‘सुम्म कूड’, पण फारच चिडली की म्हणायची, "गप कुंद्र!" त्यातला ‘गप’ तुमचा आहे. तिनं आयुष्यात मराठी वाक्य धड पूर्ण केलं नाही, पण पोरांना गप करायला मराठी शब्द वापरला. मला वाटतं दोन्हीकडच्या बायकांना कळलं होतं, की रोजच्या शब्दाला पोरं दाद देत नाहीत, शेजारचा शब्द आणला की दचकून गप होतात.

बाळीवेस
विजापूरवेस, पारावरचा, तुम्हा दोघांचे प्रतिसाद वाचून लगेच आत्याला फोन लावला. आधी म्हणाली, "छे गं, आईचाच शब्द तो." मग मी ‘सुम्म कूड’ म्हटलं. पलीकडं बराच वेळ आवाज नाही.

मग म्हणाली, "अव्वा."

वाड्यात समोरच्या सोप्यात एक कन्नड बिऱ्हाड होतं. त्या घरातल्या अव्वांचा मुलगाही मिललाच होता, आजोबांच्याच पाळीला. म्हणजे दिवसा दोन्ही घरांत एकेक माणूस झोपलेलं. पोरं मात्र सगळी एकत्र, अंगण एक. अव्वा उंबऱ्यात बसून त्यांच्या पोरांना ‘सुम्म कूड’ म्हणायच्या आणि आमची आत्या, काका, बाबा, सगळी तिथंच बसायची. आज्जीनं तो शब्द अव्वांकडून उचलला. शेंगा चादरीच्या घडीत फोडायची युक्तीही अव्वांचीच, हे आत्यानं सांगितलं. चादर आज्जीची. आत्या म्हणाली, "दोघींना एकमेकींचं बोलणं निम्मंच कळायचं. पण दुपारी दोघी एकाच सुपात हात घालून बसायच्या."

चाळीस वर्षं मी ते सूप आमचं समजत होते.

आतेभावाच्या बायकोला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, पुढच्या वेळी मी पण बसते, आणि माझी घडी मला द्या. नवी वही आणलीय, पहिल्या पानावर शब्द लिहिलाय, खाली अव्वा आणि आज्जी दोघींची नावं. अव्वांचं नाव आत्याला आठवत नव्हतं, अव्वा एवढंच आठवत होतं, म्हणून तेवढंच लिहिलं.

एक गोष्ट राहिली. फोन ठेवायच्या आधी मी आत्याला म्हटलं, अव्वा कसं म्हणायच्या तसं एकदा म्हणून दाखव. घरी ती एकटीच होती, कुणी झोपलेलं नव्हतं. तरी तिनं आधी आवाज अगदी खाली आणला, आणि मग म्हणाली.